लिंबू आधीच ओतायचं

आपल्या स्वयंपाकात लिंबाचा नंबर कायम शेवटचा. पोह्यांना वाफ आली, गॅस बंद केला, खोबरं-कोथिंबीर भुरभुरली, मग लिंबू. वरणभाताला तर ताटात वाढून झाल्यावर, आणि ती फोडही कुठं, तर डावीकडं मिठाच्या शेजारी, म्हणजे ज्याला पाहिजे त्यानं पिळून घ्या, स्वयंपाक करणारीचा काही संबंध नाही. मिसळीला प्लेटमध्ये, भडंगाला कांदा टाकल्यावर, रस्सा वाटीत आल्यावर. गॅसवर रटरटणाऱ्या भांड्यात कुणी लिंबू पिळायला गेलंच तर मागनं आवाज ठरलेला, "अगं थांब, कडू होईल." (लोणच्याचं सोडा, ती वेगळी जात आहे.)

आणि एकटं लिंबूच नाही, सगळंच आंबट आपल्याकडं उशिरा येतं. आमटीत चिंच किंवा आमसूल कधी घालायचं, तर डाळ मऊ शिजून घोटून झाल्यावर. बटाट्याच्या रश्शात टोमॅटो आधी पडला तर बटाटा शिजता शिजत नाही, वरनं झालेला दिसतो आणि आत दडस. हे मला कुणी शिकवलं असं आठवत नाही, आईच्या आणि मग सासूबाईंच्या आजूबाजूला उभं राहून आपोआप हातात आलं, आणि त्याचं कारण विचारायचं कधी डोक्यातच आलं नाही.

त्यामुळं ग्रीक पद्धतीचे लिंबू-बटाटे हा प्रकार पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला ती चक्क उलटी भानगड वाटली. माझा भाचा बोटीवर असतो, इंजिन रूममध्ये. अथेन्सचं बंदर पिरेअस, तिथं बोट लागली की हे लोक जवळच्या खानावळीत जेवायला जायचे, आणि परत आल्यावर सगळ्यांनी त्याला तिकडच्या इमारती-बिमारती विचारल्या तर हा म्हणतो, "मावशी, तिथं बटाट्यात लिंबू ओततात. पिळत नाहीत, ओततात. आणि मग तासभर भाजतात." मी म्हणलं कडू होत असणार. तो म्हणाला नाही होत, तूच करून बघ की.

सामान वाचलं तर अगदीच साधं आहे. किलोभर बटाट्याच्या जाड लांब फोडी, लसूण, मीठ, मिरपूड, ओरेगॅनो, अर्धी वाटी ऑलिव्ह तेल, जवळजवळ तेवढाच लिंबाचा रस आणि पेलाभर पाणी. सगळं कच्चंच एका पसरट भांड्यात घालायचं आणि २०० डिग्रीच्या ओव्हनमध्ये सव्वा तास सोडून द्यायचं. फोडणी नाही, परतणं नाही, हळद नाही. हळदीच्या गावात बसून बिनहळदीचा बटाटा करायचा म्हणजे जरा गद्दारीच वाटते, आमच्या सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते काय असे पांढरे बटाटे खायला का, पण हळद घातली की तो लगेच आपला होतो आणि मग एवढा घाट घालण्यात अर्थ उरत नाही.

आता ते आंबटाचं कोडं. बटाट्याच्या पेशी एकमेकींना चिकटून असतात त्या पेक्टिनमुळं, विटांमधला चुना म्हणा हवं तर. साध्या पाण्यात बटाटा उकळत राहिला की तो चुना विरघळत जातो, पेशी सुट्या होतात आणि फोड हाताखाली मोडते, जे आपल्याला वड्याच्या भाजीला पाहिजेच असतं. पण पाणी आंबट असलं की पेक्टिन सहजासहजी विरघळत नाही. सोड्याचं याच्या बरोबर उलट, म्हणून हरभऱ्यात चिमूटभर सोडा टाकला की ते पटकन मऊ होतात आणि जास्त पडला तर लगदा. म्हणजे आपल्या बायकांचा नियम शंभर टक्के बरोबर आहे, आंबट आधी घातलं की शिजायला वेळ लागतो. ग्रीक बायकांना पण हे माहीत असणारच, त्यांनी फक्त त्याचा उपयोग दुसरीकडं करून घेतला. त्यांना बटाटा लवकर शिजायला नकोच आहे! तो तास-दीड तास पाण्यात आणि तेलात बसून राहिला पाहिजे, आतनं लोण्यासारखा व्हायला पाहिजे, मीठ आणि लसूण आतपर्यंत जायला पाहिजे, आणि एवढं होऊन फोडीच्या कडा मोडता कामा नयेत. साध्या पाण्यात एवढा वेळ ठेवला असता तर ट्रेमध्ये पिठलं झालं असतं.

दुसरी गंमत पाण्याची. ट्रेमध्ये पाणी आहे तोवर फोडीचा ओला भाग शंभर डिग्रीच्या फारसा वर जात नाही, ओव्हनचा काटा २०० वर असू दे नाहीतर २२० वर. म्हणजे पहिला पाऊण तास हे बटाटे भाजत नसतात, शिजत असतात. मग पाणी आटतं, खाली उरतं तेल, लिंबाचा आटलेला रस, बटाट्यातनं सुटलेला स्टार्च आणि लसणाचा गाळ, आणि तिथनं पुढं खरं भाजणं सुरू होतं. रंग येतो तो शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत, आणि येतो तेव्हा भराभर येतो. म्हणून आधीचा पाऊण तास तुम्ही खुशाल कपडे वाळत घालून या, फोनवर बोला, पण शेवटी ओव्हनसमोरनं हलायचं नाही. एरवी आपल्याकडं उलटं असतं, फोडणीला डोळ्यात तेल घालून उभं राहायचं आणि एकदा रस्सा उकळायला लागला की निवांत.

हे सगळं मी सासूबाईंना समजावून सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे दडस बटाटाच की." मग म्हणाल्या, "पण कडू होणार ते होणारच."

आता त्या कडूपणाबद्दल. त्यांचं म्हणणं उगाच नाही. लिंबाच्या बिया आणि सालीखालचा पांढरा पापुद्रा यात कडवट द्रव्यं असतात, रस काढून ठेवला की तो हळूहळू कडवट होत जातो आणि तापवल्यावर आणखी. म्हणूनच सकाळी काढलेला रस संध्याकाळी वापरायचा नाही, आयत्या वेळी काढायचा, गाळून घ्यायचा, आणि त्या चिमट्यात घालून लिंबाचा जीव जाईपर्यंत दाबायचा नाही. सालीतलं तेल उतरलं की झालंच. ग्रीस-इटलीतलं लिंबू मोठं पिवळं जाड सालीचं असतं, आपलं कागदी लिंबू वेगळ्याच जातीचं, पातळ सालीचं, जास्त आंबट आणि वासाला उग्र, त्यामुळं त्यांच्या मापानं रस घालायचा नाही, थोडा कमीच. लिंबं बरी रसाळ असतील तर किलोला चार पुरतात. उन्हाळ्यात लिंबाचा भाव बघून घाला, २०२२ च्या एप्रिलमध्ये एकेक लिंबू दहा रुपयांच्या पुढं गेलं होतं तेव्हा हा पदार्थ करणारीला घरातनं बाहेर काढलं असतं.

आणि एक, रस तासभर ओव्हनमध्ये राहिला की आंबटपणा राहतो पण वास उडून जातो. भजी-पोह्यांवर पिळलेल्या लिंबाचा जो झणका असतो तो इथं नसतोच, उरतो तो खोल, जरासा गोडसर आंबटपणा, तळाशी कॅरॅमल झालेला. तो पहिल्यांदा खाताना लिंबू आहे हे ओळखू येत नाही काही जणांना, आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या आमचूर घातलाय का. म्हणून मी वाढताना पुन्हा एक अर्धं लिंबू वरनं पिळते. आधी पण आणि नंतर पण. यावर सासूबाई खूश झाल्या, त्यांचा नियम निदान अर्धा तरी पाळला गेला.

बटाट्याविषयी थोडं. हा पदार्थ ग्रीक म्हणून मिरवतो पण त्यातला बटाटा तिथला नाही आणि लिंबूही नाही. बटाटा दक्षिण अमेरिकेतला, आणि लिंबाचं मूळ तर आपल्याकडच्या ईशान्येच्या आसपासच्या पट्ट्यात सांगतात. त्या ट्रेमधलं खरं तिथलं काय, तर ऑलिव्ह आणि ओरेगॅनो. ग्रीसमध्ये बटाटा रुजवण्याचं श्रेय आयोआनिस कापोदिस्त्रियास या माणसाला देतात. आधी रशियाच्या झारचा परराष्ट्रमंत्री होता, मग स्वतंत्र ग्रीसचा पहिला गव्हर्नर झाला, १८२८ च्या जानेवारीत नाफ्लियो बंदरात उतरला. देश लढाईनं भिकेला लागलेला, लोक उपाशी, म्हणून यानं बटाटे मागवले तर कुणी हात लावेना. मग म्हणे त्यानं ते बंदरावर रचून ठेवले आणि भोवती पहारा बसवला, पण पहारेकऱ्यांना सांगून ठेवलं की कुणी चोरलं तर तिकडं बघायचं नाही. लोकांना वाटलं एवढा पहारा आहे म्हणजे काहीतरी भारीच माल असणार, आणि सगळे बटाटे चोरीला गेले. ही दंतकथाच असावी, कारण डिट्टो हीच गोष्ट फ्रान्समध्ये पार्मांतिये नावाच्या माणसाबद्दल सांगतात. पण खरी असो खोटी असो, माणसाची नस बरोबर पकडलीय. आमच्या सोसायटीतल्या कढीपत्त्याच्या झाडाला कंपाउंड घातल्यापासून ते जास्त ओरबाडलं जातं. कापोदिस्त्रियासचा शेवट काही चांगला झाला नाही, १८३१ मध्ये त्याच नाफ्लियोत चर्चच्या दारात त्याचा खून झाला.

मला यात जास्त मजा वाटली ती त्या वर्षांची. कारण त्याच सुमाराला, १८२९ मध्ये, साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून इंग्रजांनी महाबळेश्वर घेतलं, आणि मग पुढं काही वर्षांत तिथं जेल झालं. त्या जेलमध्ये सिंगापूर-मलाया बाजूकडनं आणलेले चिनी कैदी होते, आणि बटाटा नि बाकीच्या विलायती भाज्या डोंगरावर पिकवून साहेब लोकांना पुरवण्यात या कैद्यांचा मोठा हात होता. तिकडं बटाट्यावर पहारा, इकडं बटाटा लावणाऱ्यावर. आणि आता त्याच सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात पुसेगावकडं पावसाळी बटाटा शेतात असतो, कुणाला त्याचं काही नवल नाही.

मंडईत भाजीवाल्याला बटाट्याची जात विचारली तर तो गाव सांगतो. आग्रा, इंदूर, तळेगाव. यातला कुठला घ्यायचा, तर जो कोल्ड स्टोरेजमध्ये फार दिवस पडलेला नाही तो. थंडीत राहिलेल्या बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते, तो चवीला गोड लागतो आणि भाजताना आत शिजायच्या आधी बाहेरनं काळपट पडतो. घरी पण बटाटा फ्रीजमध्ये ठेवू नये तो याचसाठी. अगदी कोवळा नवा बटाटा पण इथं नको, तो चिकट राहतो, रस पीत नाही. मध्यम जुना, कोरडा, सालाला घट्ट असा बघायचा. साल काढायची, उभे चार किंवा सहा तुकडे, अंगठ्याएवढे जाड तरी हवेतच. पातळ काचऱ्या करून घातल्या की लिंबू कितीही सांभाळू दे, त्या विरघळणारच.

तेलाचा विषय आमच्याकडं जास्त गाजला. ऑलिव्ह तेल म्हणजे सासूबाईंच्या लेखी बाळाला मालिश करायचं तेल, फिगारोचा तो छोटा डबा मेडिकलमधनं आणायचा आणि बाळ रांगायला लागलं की संपवायचा. "हे तेल बटाट्यात? आणि तेही अर्धी वाटी?" त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. खरं सांगायचं तर अर्धी वाटी मलाही जड जाते, खिशाला आणि पोटाला दोन्हीला. मी आता अर्धं ऑलिव्ह आणि अर्धं घाण्याचं शेंगतेल घालते. नुसतं शेंगतेल घालून पण होतात, आणि वाईट लागत नाहीत, फक्त मग त्याला उपासाच्या भाजीचा वास येतो आणि ग्रीस कुठल्या कुठं जातं. एक्स्ट्रा व्हर्जिनच पाहिजे का, तर पाहिजे, कारण त्या तेलाची किंचित कडसर-तिखट चव या पदार्थात मसाल्याचं काम करते, दुसरा मसाला आहेच कुठं. जास्त तापवलं की खराब होतं म्हणून घाबरवतात लोक, पण इथं बराच वेळ ट्रेमध्ये पाणी आहे, तेल काही पेटत नाही.

ओरेगॅनो. ही एक गोष्ट सगळ्यांच्या घरात असते आणि कुणी विकत आणलेली नसते. फ्रीजच्या दारात पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या साठलेल्या असतात. पण त्या पुड्यांमध्ये नुसता ओरेगॅनो क्वचित असतो, मीठ, मिरची, लसूण पावडर असं काय काय असतं, ते घातलं की चव पिझ्झाची. नुसता वाळलेला ओरेगॅनो बाटलीत मिळतो, आमच्या सांगलीत विश्रामबागच्या बाजूला मोठ्या दुकानांत, तो आणा. नसेल तर आपल्याकडं एक भन्नाट सोय आहे, ओव्याची पानं. कुंडीत असतात बघा, जाड, लवदार, चुरगळली की ओव्याचा वास, ज्याची आपण पावसाळ्यात भजी करतो. ते झाड ओव्याचं नाहीच, पण ओरेगॅनोमध्ये जे कार्व्हाक्रॉल नावाचं सुगंधी द्रव्य असतं तेच या पानांत पण असतं, आणि परदेशात तर याला क्युबन ओरेगॅनो म्हणून विकतात. पाच-सहा पानं बारीक चिरून घातली, वास अगदी सख्खा नाही पण चुलत नक्की. ओवा मात्र घालू नका, तो दादागिरी करतो.

पाण्याच्या जागी ग्रीक लोक बऱ्याचदा चिकनचा स्टॉक घालतात. स्टॉक म्हणलं की आपण त्या क्यूबच्या पाकिटाकडं बघतो, पण सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला स्टॉकचं कसलं अप्रूप, रविवारी घरोघरी अळणी असतंच. मटण नाहीतर चिकन हळद-मीठ, आलं-लसूण लावून शिजवलं, वरचं पाणी लहान पोरांना आणि म्हाताऱ्यांना वाटीत दिलं, त्यातलंच एक वाटी बाजूला काढायचं. त्यात हळद असते, म्हणजे बटाटे पिवळे होतात, म्हणजे मघाशी मी जे बोलले ते सगळं वाया, पण चव अशी येते की मी माझे शब्द मागं घेते. शाकाहारी दिवशी साधं गरम पाणी. गरमच. काचेचं भांडं ओव्हनमध्ये तापलेलं असताना मध्येच पाणी वाढवायची वेळ आली आणि गार ओतलं तर भांडं तडकतं.

भांड्याचं पण सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये एवढं लिंबू तासभर ठेवायचं नाही, आंबट त्याला खातं, भांडं काळं पडतं आणि चवीला धातू येतो. काच किंवा स्टील. आणि भांडं पसरट पाहिजे, फोडी एका थरात बसल्या पाहिजेत, एकमेकींवर चढल्या की खालच्या उकडतात आणि वरच्या वाळतात. आमचा ओटीजी, म्हणजे ओट्यावरचा विजेचा ओव्हन, छोटा, किलोभर बटाट्यांत तो भरूनच जातो, वरचा रॉड फोडींच्या डोक्यावरच येतो, म्हणून मी पहिली चाळीस मिनिटं नुसता खालचा रॉड लावते, मग फोडी पलटते, खालचा रस चमच्यानं वरनं घालते, आणि मग दोन्ही रॉड. मध्ये लाईट गेली तरी काही बिघडत नाही, हा फार मोठा गुण आहे. केक असता तर बसला असता, बटाटे आपले लिंबात बसून वाट बघतात.

एकादशीच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "हे उपासाला चालेल का गं?" मी म्हणलं लसूण काढला, ओरेगॅनो काढला, शेंगतेल आणि जिरं घातलं तर चालेल. "मग ती बटाट्याची भाजीच झाली की." झालीच. पण यावरनं मी ग्रीक लोकांचा उपास कसा असतो ते शोधत बसले आणि मला फार करमणूक झाली. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपास आपल्यापेक्षा काही कमी नाहीत, ईस्टरच्या आधीचे लांबलचक दिवस, शिवाय वर्षभर बुधवार-शुक्रवार. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही, मासा नाही. पण कोळंबी-कालवं चालतात! आणि कडक दिवशी ऑलिव्ह तेल चालत नाही. म्हणजे आपल्याकडं साबुदाण्याला पुण्य आणि वरणभाताला पाप, तसंच तिकडंही कुणीतरी कधीतरी काहीतरी ठरवून ठेवलंय, आणि लोक निष्ठेनं त्यातनं वाट काढून चवीचं खाताहेत. तेल चालणाऱ्या उपासाला हे लिंबू-बटाटे अगदी फिट बसतात. सासूबाईंना कोळंबीचं सांगितलं तर त्या नुसत्या "शिव शिव" म्हणाल्या, पण संध्याकाळी फोनवर माझ्या नणंदेला तेच सांगत होत्या.

कशाबरोबर खायचं? तिकडं भाजलेल्या कोंबडीबरोबर नाहीतर मेंढीबरोबर, पुष्कळदा ते मांस बटाट्यांच्या डोक्यावरच ठेवून एकाच ट्रेमध्ये भाजतात, म्हणजे वरची चरबी खाली. आमच्याकडं ज्वारीची भाकरी आणि काकडीची कोशिंबीर, दही जरा टांगून घट्ट केलं आणि त्यात लसूण किसला की ती जवळपास त्यांचीच कोशिंबीर होते. चपातीबरोबर मजा नाही. भाताबरोबर तर अजिबात नाही. आणि ट्रेच्या तळाला जो चिकट, तपकिरी, आंबट-खारट थर उरतो तो भाकरीच्या तुकड्यानं पुसून खायचा, त्यासाठी आमच्याकडं भांडणं होतात आणि मी स्वयंपाक केलाय म्हणून पहिला हक्क माझा, यात मी कुणाचं ऐकत नाही. उरले तर (उरत नाहीत, पण समजा) दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, रबरासारखे होतात, बिडाच्या तव्यावर मंद आचेवर ठेवा.

मला यात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हा पदार्थ मुळात घरच्या ओव्हनचा नाहीच. ग्रीसमध्ये पूर्वी घरोघरी ओव्हन नसायचे. रविवारी बायका घरी ट्रे भरायच्या, मांस, बटाटे, लिंबू, तेल सगळं घालून, आणि गल्लीतल्या पाववाल्याच्या भट्टीवर नेऊन द्यायच्या. पाव भाजून झालेला, भट्टी अजून तापलेली, ट्रे आत. तोवर चर्चला जाऊन यायचं, परत येताना आपापला ट्रे उचलून घरी. हे वाचलं आणि मी उडालेच, कारण हे तर आपलं नानकटाईचं झालं! दिवाळीच्या आधी मैदा, डालडा, पिठीसाखर, वेलदोडे डब्यात भरून बेकरीत जायचं, तिथं लांबलचक पत्रे ओळीनं मांडलेले, आपली आई आणि अजून दहा-पंधरा बायका फळकुटावर बसून गोळे थापताहेत, मध्ये चारोळी नाहीतर बदामाचा काप, पत्र्यावर खडूनं नाव, आणि मग वाट बघायची. भट्टीच्या तोंडाशी तो माणूस घामानं निथळत लांब दांड्यानं पत्रे आत-बाहेर करतोय, आणि नाकात तो वास. कुणाची नानकटाई जास्त फुलली, कुणाची करपली, यावर परतीच्या रस्त्यात चर्चा. पत्र्यांची अदलाबदल झाली की भांडणं, तीही ठरलेली. डबे घरी येईपर्यंत वरचा थर आम्ही पोरांनी संपवलेला असायचा.

म्हणजे घरात ओव्हन नसणं ही काही मोठी अडचण नव्हती, भट्टी गावाची होती. आपण तिथं फक्त गोड नेलं, त्यांनी रविवारचं जेवणच नेलं, एवढाच फरक. आणि सव्वा तास ओव्हन लावून एक किलो बटाटे करायचे हे मला लाईटबिल बघून पटत नाहीच, हा पदार्थ अशा भट्टीतच व्हायला पाहिजे जी कुणीतरी कशासाठी तरी आधीच तापवलेली आहे.

म्हणून मी परवा गेले. आमच्या घरापासून चालत जाण्यासारखी एक जुनी बेकरी आहे, लाकडाची भट्टी अजून चालू आहे, दिवाळीत नानकटाई करून देतात. काउंटरवरच्या दादांना म्हणलं, दुपारी पावाचा घाणा निघाल्यावर माझा एक ट्रे आत ठेवाल का, बटाटे आहेत. त्यांनी विचारलं काय काय आहे त्यात. सांगितलं. लसूण म्हणल्याबरोबर त्यांनी मान हलवली. "वहिनी, लसणाचा वास पावाला लागंल. गिऱ्हाईक मला बोलंल." मी म्हणलं पाव तर निघालेला असणार की. "भट्टीत वास बसतोय हो. दुसऱ्या दिवशीची खारी पण लसणाची लागंल." माणूस बरोबर बोलत होता, मी काय वाद घालणार. मग आतनं त्यांचे वडील आले, म्हातारे, बनियनवर, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की त्यात मटण आहे का. नाही म्हणलं. जरा विचार केला. म्हणाले, "सुट्टीच्या आदल्या दिवशी आणा. शेवटचा घाणा काढल्यावर ठेवू. दुसऱ्या दिवशी भट्टी बंदच असत्या, वास जाईल." मी तर काउंटरवर चढायचीच बाकी होते. "पण झाकण लावून आणा हं, घट्ट," म्हणाले, "उघडं चालणार न्हाई."

आता झाकण लावलं तर पाणी आटणार नाही, पाणी आटलं नाही तर रंग येणार नाही, म्हणजे पुढचं अर्धा तास भाजणं परत घरच्या ओटीजीत आलं. तरी सुट्टीचा वार कुठला ते विचारून आलेय, आणि पसरट डब्याला बसेल असं झाकण शोधतेय. सासूबाईंनी माळ्यावरचा ढोकळ्याचा डबा काढायला सांगितलाय, पण तो ॲल्युमिनियमचा आहे.